जांभळ्या रंगाचा तळ

मी मेलेल्या बायका धुते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे ज्याला पुढचं ऐकायचं नसेल त्याने आत्ताच उठावं. पोर्ट सईदच्या अरब मोहल्ल्यात चाळीस वर्षं हेच काम करतेय. हज करून आले तेव्हापासून सगळे मला हाग्गा म्हणतात. माझ्या हाताखालून लग्न ठरलेल्या मुली गेल्या, शंभरीच्या म्हाताऱ्या गेल्या, माझी सख्खी जाऊसुद्धा गेली. तिच्याशी मी अकरा वर्षं बोलत नव्हते. तिला धुताना बोलले. बाई मेल्यावर भांडण कसलं घेऊन बसायचं?

अशा बाईला तोंडाच्या रंगरंगोटीत काय डोंबल रस असणार! पण इन्शिराहबद्दल सांगायचं तर त्या डब्या-बाटल्यांपासूनच सुरुवात करावी लागते. तिचं आयुष्य त्यांतच गुंतलेलं होतं.

इन्शिराह आमच्याच इमारतीत, बरोबर माझ्या डोक्यावर, तिसऱ्या मजल्यावर राहते. आई आणि ती. कारखान्यात शिलाई मशीनवर आठ तास जीन्सचे खिसे शिवते. तेव्हा चौतिशीची होती. लग्न झालं नव्हतं. कुणी विचारलं तर म्हणायची, "नवरा पण तीस दिवस वापरून बघायला मिळत असता तर केलं असतं."

तर हे तीस दिवसांचं तिचं खूळ. दर शुक्रवारी सकाळी ती गच्चीत उजेडाला तोंड करून बसायची आणि फोनवर व्हिडिओ करायची. बाकीच्या मुली नवी डबी उघडतात, गालाला बोट लावतात आणि 'अय्या, काय सुंदर' म्हणून मोकळ्या होतात. इन्शिराह म्हणायची, "पहिल्या दिवशी कुणीही छानच दिसतं. मी तिसाव्या दिवशी सांगते." आणि खरंच महिनाभर एकच फाउंडेशन. कारखान्यातल्या इस्त्रीच्या वाफेत तेच, बसच्या गर्दीत तेच, पोर्ट फुआदला मामाकडे जाताना बोटीवरच्या खाऱ्या वाऱ्यात तेच, मासे तळताना तेच. मग न घाबरता सांगायची. हे दुपारच्या नमाजापर्यंत राखाडी पडतं, मेल्यासारखं तोंड दिसतं. हे हिजाबच्या काठाला निम्मं पुसून जातं. ह्या पॅलेटमधला सोनेरी रंग डोळ्याला लावा आणि गालावरून गोळा करा.

एकदा मी तिला म्हटलं, "अगं, अल्लानं दिलेलं तोंड काय वाईट होतं?"

"अल्लानं झोपपण दिली होती, मावशी, ती कारखान्यानं नेली. बघा की डोळ्यांखाली."



वापरून झालेल्या डब्या ती फेकायची नाही. बुटांच्या खोक्यांत तारखा लिहून ठेवायची. एकदा तिने मला चार-पाच पॅलेट उघडून दाखवल्या. "बघा मावशी, प्रत्येकीत तपकिरी रंगाचा तळ आधी लागतो. पत्रा दिसतो खालचा. आणि हा जांभळा बघा. कोरा करकरीत. ह्याला कुणी बोट लावत नाही. कंपन्या तो घालतात तरी कशाला कोण जाणे."

आणि त्या जांभळ्यानेच तिचं नाव झालं. कुणी एक बाई तिला फोनवर लिहायची. स्वतःचं नाव लपवून 'समुद्रपक्षी' म्हणवायची. तिने विचारलं, 'ताई, माझ्या तोंडावर पिवळट झाक आहे. फाउंडेशन लावलं तरी खालून दिसते. ती कशी घालवू?' इन्शिराहने आठवडाभर डोकं खपवलं. स्वतःच्या गालाला हळद फासून घेतली आणि त्यावर एकेक रंग लावून बघितला. शेवटी सापडलं. पिवळ्याला जांभळा मारतो. तो न वापरलेला जांभळा चिमूटभर खरवडायचा, फाउंडेशनमध्ये कालवायचा आणि लावायचा, की पिवळेपणा गायब. वर आणखी एक युक्ती सांगितली: खालच्या पापणीच्या आत निळी पेन्सिल फिरवली की डोळ्यातलं पांढरं अधिक पांढरं दिसतं. त्या बाईला तिने लिहिलं, 'तीस दिवस लाव आणि मग मला कळव.'

तो व्हिडिओ हजारो बायकांनी बघितला. भाजीवाली तिला 'काय गं जांभळे' म्हणून हाका मारायला लागली. पोरगी आठवडाभर जमिनीवर नव्हती. मलाही बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आता शुरूकबद्दल. शुरूक तिच्या मामाची मुलगी, सुएझ कालव्यापलीकडे पोर्ट फुआदला राहायची. तेवीस वर्षांची, लग्न ठरलेली. तिची आई वगीदा दुकानात कामाला, त्यामुळे लहानपणी शुरूकला न्हाऊमाखू इन्शिराहने घातलेलं, वेण्या तिनेच घातलेल्या. इन्शिराह दर शुक्रवारी दुपारी बोटीने तिकडे जायची ती तिच्यासाठीच. शेवटच्या काही महिन्यांत शुरूक घरातसुद्धा पूर्ण तोंड रंगवून बसायची. डोळ्यांना ऍलर्जी झाली म्हणून रंगीत चश्मा घालायची. हातांनासुद्धा फाउंडेशन लावायची. इन्शिराह कौतुकाने सांगायची, "माझी पक्की चेली झालीय. मी चांगलं म्हटलेलंच फाउंडेशन घेते, पाण्याने न हलणारं." लग्नाआधी मुली नटतातच. कुणाला काय वाटणार?

ईदला तीन आठवडे असताना एका सकाळी शुरूक न्हाणीघरात कोसळली. इस्पितळात पोचेपर्यंत संपली होती. मृत्यूच्या कागदावर लिहिलं, रक्ताभिसरण अचानक बंद पडलं. आमच्याकडे सगळ्यांच्याच कागदावर तेच लिहितात.

मला बोलावणं आलं. माझी जोडीदारीण मुलीकडे दमिएत्ताला गेलेली, म्हणून मी एकटीच आत होते. दाराबाहेर इन्शिराह पाण्याचे जग भरून देत होती. तिच्यामागे वगीदा. जिन्यात नवऱ्यामुलाच्या घरची माणसं उभी. आमच्या कामात पहिली गोष्ट ही, की अंगावर काही राहता कामा नये. नखांचा रंग, तोंडाचा रंग, सगळं काढायचं. पाणी कातडीला लागलं पाहिजे, नाहीतर गुसल, ती शेवटची आंघोळ, झालीच नाही. मग तीनदा धुवायचं, बोरीच्या पाल्याच्या पाण्याने, आणि शेवटच्या पाण्यात कापूर.

मला एक तासाच्या वर लागला. बाहेरून वगीदाने हाक मारली, "हाग्गा, काय झालं? इतका वेळ का लागतोय?"

मी आतून ओरडले, "हा मेला रंग! निघता निघत नाही!"

एवढंच. दोन वाक्यं. त्यानंतर बाहेर कुणी काही विचारलं नाही. इन्शिराहच्या हातातला जग खाली पडला, तो आवाज मी ऐकला. मला वाटलं, हुंदका आला असेल पोरीला.

हे सगळं आज सांगतेय, कारण वगीदा गेल्या हिवाळ्यात गेली. तिलाही मीच धुतलं. आता ह्या गोष्टीने तिचं मन मोडायची भीती उरली नाही. आणि इन्शिराहने 'सांगा' म्हटलंय.

शुरूक गेल्यावर दोन वर्षं इन्शिराहने एकही व्हिडिओ केला नाही. बघणाऱ्या बायका महिनाभर विचारत राहिल्या, मग दुसरीकडे गेल्या. आणि माझ्या डोक्यावर पाणी वाहायला लागलं. कारखान्यातून आली की तिच्या न्हाणीघरातलं पाणी सुरू. तास-तास. मी छताला काठी ठोकायची. "अगं, नदी आटवतेस की काय!" पाणी थांबायचं, थोड्या वेळाने पुन्हा सुरू. कुणी म्हणे, तिला काहीतरी लागलंय. तिची आई माझ्याकडे येऊन रडायची, "हाग्गा, पोरगी जेवत नाही, बोलत नाही. झोपेत शुरूकशी बोलते." मी म्हणायची, दुःख आहे, उतरेल. चाळीस वर्षं दुःखं बघितल्याचा मला फार तोरा होता ना!

एका शुक्रवारी, जुम्म्याची नमाज सुटायच्या वेळेला, दार वाजलं. इन्शिराह. हातात बुटांचं खोकं. तोंडावर जाड फाउंडेशन, पण त्याखालून कातडी सोललेली दिसत होती. हनुवटीपाशी रक्ताचे बारीक ठिपके.

"मावशी, माझं एक काम कराल?"

"आधी आत ये. काय ही दशा!"

"मला धुवा."

"म्हणजे?"

"शुरूकला धुतलंत तसं. मी आज सकाळी तेच फाउंडेशन लावलंय. तुमच्या पिशवीत असतं तेवढंच घ्या. पाणी, बोरीचा पाला, कापूर. निघतं का बघू."

मी उठून उभी राहिले. "जिवंत माणसाला मी हात लावत नाही! चल, नीघ इथून! आईला बोलावू का तुझ्या?"

ती हलली नाही. खोकं उघडून तिने माझ्यापुढे धरलं. आत कापसाचे बोळे. शेकडो. प्रत्येकाला चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख. प्रत्येक बोळ्यावर फिकट तपकिरी डाग.

"दोन वर्षं रोज लावते, रोज पाण्याने काढते," ती म्हणाली. "नाही निघत, मावशी. काहीतरी राहतंच. खरबरीत दगडाने घासलं तरी राहतं. मीच सगळ्या जगाला सांगितलं होतं ना, पाण्याने हलत नाही, पैज लावते म्हणून? ती माझ्यामुळे ते लावायची. आणि त्या दिवशी तुमचं बोलणं मी ऐकलं. निघता निघत नाही म्हणालात. म्हणजे तिच्या तोंडाला पाणी लागलंच नाही. ती तशीच गेली. न धुतलेली."

"इन्शी..."

"स्वप्नात येते. तोंड ओलं असतं. काही मागत नाही, फक्त विचारते, 'अजून आहे का गं?' मी बघते तर असतं. मावशी, मी नमाज सोडलीय. कुठल्या तोंडाने उभी राहू? ती तिकडे जन्नतच्या दाराबाहेर ताटकळतेय आणि मी..."

दोन वर्षं माझ्या डोक्यावर जे पाणी वाहत होतं ते माझ्या दोन वाक्यांचं होतं, आणि मी काठ्या ठोकत होते.

"निघालं होतं," मी म्हटलं. "अल्लाशपथ निघालं होतं, सगळं."

"मला बरं वाटावं म्हणून बोलताय."

मी स्वयंपाकघरातून जैतुनाच्या तेलाची बाटली आणली, फडक्यावर ओतलं आणि तिच्या उजव्या गालावरून एक हात फिरवला. गाल साफ. फडकं तपकिरी. "हे बघ. पाण्याने नाही निघत, तेलाने निघतं. माझ्या पिशवीत तेल असतंच. शुरूकचं तोंड दोन मिनिटांत साफ झालं. मग तीन वेळा धुतलं. कापूर घातला. तुझी शुरूक लख्ख होऊन गेली, पोरी."

ती फडक्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली, मग रडायला लागली, दोन्ही एकदमच. माझे हात धरून डोळ्यांना लावले. मला वाटलं, सुटली. इथेच गोष्ट संपती तर किती बरं झालं असतं!

पण ती इन्शिराह होती. तीस दिवस वापरल्याशिवाय कशावर विश्वास न ठेवणारी. डोळे पुसून तिने विचारलं, "दोन मिनिटांत निघालं, तर मग तासभर काय करत होतात? आणि तसं का म्हणालात?"

आमच्या कामाचा एक नियम आहे. मेलेल्या बाईच्या अंगावर जे दिसेल ते आपल्या पोटात ठेवायचं. चट्टा असो, जखम असो, काहीही असो. ते झाकणाऱ्याला अल्ला झाकतो. चाळीस वर्षांत मी तो मोडला नव्हता. माझ्या नवऱ्यालाही कधी काही सांगितलं नाही. मी तिच्या सोललेल्या गालाकडे बघितलं. मेलेलीला झाकता झाकता मी जिवंत पोर सोलून काढली होती.

"वरचा रंग निघाला," मी म्हटलं. "खालचा निघेना."

"खालचा कुठला?"

"पिवळा. आधी मला वाटलं, फाउंडेशनचाच थर आहे. घासत बसले. मग गळा बघितला, छाती बघितली. सगळी पिवळी होती. पापणी वर केली. डोळे पिवळे. पोट नगाऱ्यासारखं ताठ. माझा नवरा हसनेन यकृताच्या दुखण्याने असाच गेला, त्यामुळे मला सांगायला डॉक्टर लागला नाही. कावीळ कधीपासूनची होती देव जाणे. लग्न मोडेल म्हणून लपवलं असणार. तिच्या धाकट्या बहिणीचंही त्याच घरात ठरत होतं ना. आणि बाहेरून तिची आई विचारत होती, इतका वेळ का? तिला काय सांगायचं होतं मी? तुझी पोर तुझ्या डोळ्यांदेखत पिवळी होत गेली आणि तुला दिसलं नाही? म्हणून म्हटलं, रंग निघत नाही. रंगावर ढकललं. रंगाचं काय जातंय, असं वाटलं मला. तू दाराशी आहेस हे डोक्यातच आलं नाही."

मला वाटलं, ती आता रडेल. तिच्या पाठीवर हात ठेवायला मी तयार होऊन बसले होते. पण ती रडली नाही. हळूच म्हणाली, "पिवळी?"

"हो."

"डोळेसुद्धा?"

"हो गं."

ती उठली आणि वर गेली. तिची पावलं मला छतातून ऐकू आली. कपाट उघडल्याचा आवाज. मग खाली आली. हातात एक पॅलेट, कागदात गुंडाळलेली. चाळिसाव्या दिवशी वगीदाने शुरूकची आठवण म्हणून दिली होती. इन्शिराहने ती कधी उघडली नव्हती. हिंमत झाली नव्हती.

माझ्यापुढे बसून तिने कागद सोडला. झाकण उघडलं. तपकिरी रंगाचा खण भरलेला होता. गुलाबी भरलेला. सोनेरी, हिरवा, सगळे दुकानातून आणल्यासारखे. फक्त जांभळा नव्हता. तो खरवडून खरवडून संपवलेला होता. तळाचा पत्रा दिसत होता आणि पत्र्यावर पिनेचे ओरखडे होते. कोपऱ्यातली शेवटची भुकटीसुद्धा तिने टोकरून काढली होती.

कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं म्हणतात. इथे पोर पिवळी झाली आणि जगाला ती गोरीपान दिसत राहिली.

इन्शिराहने फोन काढला. कितीतरी वेळ मागे मागे जात राहिली. अंगठा थांबला. फोन तिने माझ्यापुढे धरला, पण माझा चश्मा जवळ नव्हता. म्हणून तिनेच वाचलं. आवाज अगदी साधा, बाजाराची यादी वाचावी तसा.

"समुद्रपक्षी. 'ताई, तीस दिवस झाले. कुणालाच कळलं नाही. आईलासुद्धा नाही. तुझे हात सलामत राहोत.'"

ती पुढे वाचत होती.

"आणि खाली मी लिहिलंय, 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' पुढे एक हृदय. लाल."

तिने तारीख बघितली. शुरूक जायच्या आधी अडीच महिने. "त्या शुक्रवारी मी तिच्याकडे गेले होते," ती म्हणाली. "समोर बसून सय्यादिया, माशांचा भात, खाल्ला आम्ही. मी तिला म्हटलं, काय तेज आलंय गं तोंडावर, लग्नाचं. ती हसली. मावशी, मी रोज चेहरे बघते. माझं कामच ते. मला दिसलं नाही."

मी तिला म्हटलं, तुला काय ठाऊक होतं. मी म्हटलं, नशिबात लिहिलेलं कुणाला चुकलंय. सांत्वनाला जाऊन जे जे बोलायचं ते सगळं मला तोंडपाठ आहे, ते सगळं बोलून झालं. ती ऐकत नव्हती. ती त्या रिकाम्या खणावरून बोट फिरवत होती. बोटाला काहीच लागत नव्हतं.

बाहेर जुम्म्याहून परतणाऱ्या माणसांचे आवाज येत होते. कुणीतरी मासे घेऊन चाललं होतं, घासाघीस ऐकू येत होती. इन्शिराहचा एक गाल साफ होता, एकावर अजून रंग. अर्धा चेहरा तसाच ठेवून तिला वर कशी पाठवू?

मग मी चाळीस वर्षांत केलं नव्हतं ते केलं. चुलीवर पाणी कोमट केलं. तिला मोरीपाशी बसवलं, डोकं माझ्या गुडघ्यावर घेतलं. तेलाने डावा गाल पुसला, कपाळ पुसलं, हनुवटी पुसली, जखमा वाचवत. मग पाण्याने धुतलं. एकदा, दोनदा, तीनदा. फडकं शेवटी पांढरंशुभ्र निघालं. पोरीने डोळे मिटून घेतले होते. इतकी निश्चल पडली होती, की मी दोनदा तिच्या नाकापाशी बोट धरलं.

"अजून आहे का, मावशी?" तिने विचारलं.

"नाही गं," मी म्हटलं. "काही नाही राहिलं."

तिने डोळे उघडले आणि माझ्याकडे बघितलं. तिला कळलं, की मी त्या दिवशीसारखीच पुन्हा एकदा दाराआडून बोलतेय. मी फडकं पिळलं, पुन्हा भिजवलं आणि तिचं स्वच्छ तोंड पुसत राहिले.